तपासणीआधीची तपासणी

इंटरनल ऑडिटची तारीख नोटीस बोर्डावर लागली की कारखान्यात दोन कामे सुरू होतात. शॉपवर झाडलोट होते आणि ऑफिसात गेल्या वर्षीची चेकलिस्ट शोधली जाते. फाइल सापडते, तारीख बदलली जाते, ऑडिटरचे नाव बदलले जाते, प्रिंट निघते. ऑडिटच्या दिवशी त्या कागदावर एकाखाली एक ‘होय’च्या खुणा पडतात. अगदीच कोरे दिसू नये म्हणून शेवटी एखादी किरकोळ एनसी (नॉन-कन्फर्मिटी, म्हणजे त्रुटीची नोंद) लिहिली जाते. कुठल्याशा गेजवरचे कॅलिब्रेशनचे स्टिकर निघालेले असते, किंवा अग्निशामक नळकांड्यापुढे खोकी रचलेली असतात. स्टिकर लागते, खोकी हलतात, एनसी बंद होते. मालाच्या दर्जाशी या सगळ्याचा संबंध किती, हे विचारायला कोणाला सवड नसते.

प्रस्तुत पुस्तक ती प्रिंट निघण्याआधीच्या दोन-तीन दिवसांविषयी आहे. ऑडिट कसे करावे, अहवाल कसा लिहावा, प्रमाणपत्र कसे टिकवावे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ऑडिटर शॉपवर पाय ठेवण्याआधी आपले प्रश्न कुठून आणतो, या एका गोष्टीला वेगळे पुस्तक द्यावे असे फारसे कोणाला वाटलेले नाही. माझ्या मते ऑडिटचे निम्मे काम तिथेच होते किंवा तिथेच बिघडते.

पुस्तक शेळगाव परिसरातल्या वाचकांना समोर ठेवून लिहिले आहे, यालाही कारण आहे. बारामती-इंदापूर रस्त्यालगतचा हा पट्टा बाहेरच्यांना उसाचा म्हणून माहीत असतो आणि आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी इथून जाते म्हणून माहीत असतो. पण इथल्या अनेक घरांत एक जण उसात असतो आणि एक जण कंपनीच्या बसमध्ये. जंक्शन गावावरून आत वळले की वालचंदनगर. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी माळरानावर उभारलेली साखरेची वसाहत. पुढे तिथे साखर कारखान्यांची आणि सिमेंटची यंत्रसामग्री, बॉयलर, मोठे गिअर बनू लागले आणि नंतर इस्रोच्या रॉकेटांसाठी मोटर केसिंगही. भवानीनगरला छत्रपती सहकारी साखर कारखाना आहे. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी गाड्या बनतात, भारत फोर्जचे काम चालते, दुधावर प्रक्रिया होते, फेरेरोची चॉकलेटे तयार होतात. भिगवणला कागद बनतो. या मोठ्या नावांच्या आसपास दहा-वीस माणसांची असंख्य छोटी वर्कशॉप आहेत: फॅब्रिकेशनची, टर्निंगची, पावडर कोटिंगची. ऑडिटची चेकलिस्ट हातात घेऊन उभे राहायची वेळ सगळ्यांवर येते, आणि छोट्या वर्कशॉपमध्ये ती बहुधा अशा माणसावर येते ज्याला हे काम कोणी शिकवलेले नसते.

आधी नियम काय म्हणतो ते पाहू. आयएसओ ९००१ हे मानक १९८७मध्ये आले; १९९४, २०००, २००८ आणि २०१५ साली त्यात सुधारणा झाल्या. २०१५च्या आवृत्तीतले ९.२ हे कलम इंटरनल ऑडिटचे. ठरलेल्या अंतराने ऑडिट करा, ते ठरवताना प्रक्रियेचे महत्त्व, झालेले बदल आणि मागच्या ऑडिटचे निकाल लक्षात घ्या, ऑडिटर निःपक्षपाती असेल असे पाहा, निकाल संबंधित वरिष्ठांना कळवा, दुरुस्ती विनाकारण लांबवू नका आणि पुरावा जपून ठेवा, असे ते सांगते. यात चेकलिस्टचा उल्लेखच नाही. वर्षानुवर्षे ज्या कागदाला आपण ऑडिटचा आत्मा मानत आलो, तो मानकाने मागितलेला नाही. ऑडिट कसे करावे याचे मार्गदर्शन करणारे आयएसओ १९०११ (२०१८ची आवृत्ती) चेकलिस्टचे नाव घेते, पण तयारीच्या साधनांपैकी एक म्हणून; आणि ऑडिट करताना जी माहिती हाती येईल तिच्यामागे जायला या कागदाने आडकाठी करू नये, असेही बजावते.

मग चेकलिस्ट करायचीच कशाला? या पुस्तकाचे उत्तर मला पटते आणि ते आपल्या भागाला विशेष लागू आहे.

आयएसओ ९००१च्या २००८च्या आवृत्तीत एक सरळ वाक्य होते: ऑडिटरने स्वतःचे काम स्वतः तपासू नये. २०१५मध्ये ते वाक्य गेले; वस्तुनिष्ठता आणि निःपक्षपातीपणा यांची अट मात्र राहिली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपनीत हे सांभाळणे सोपे असेल. इथे क्वालिटीतला मुलगा शेळगावचा, मशिनवरचा माणूस अंथुर्ण्याचा, स्टोअरमधला निमगाव केतकीचा. कोणी भावकीतले, कोणी सोयरे, कोणाच्या बहिणीचे स्थळ कालच पाहून झालेले. त्यातून मशिनवरचा माणूस वयाने वडिलांच्या बरोबरीचा. त्याच्यासमोर उभे राहून जागच्या जागी प्रश्न विचारायचा म्हटले तर जीभ रेटत नाही, आणि अडचणीचा प्रश्न तर हमखास गिळला जातो. उलट कोणाशी जुने वाकडे असले तर तोच प्रश्न धारदार होऊन बाहेर पडतो. दोन्हीकडे ऑडिट नात्यावर चालते.

प्रश्न चार दिवस आधी शांतपणे ठरवलेले, लिहिलेले आणि सर्वांना सारखेच लागू असले की ही ओढाताण पुष्कळ कमी होते. “तात्या, हे कागदावर आहे म्हणून विचारतोय,” एवढे म्हणता येते. तात्यांनाही ते समजते. प्रश्न कागदाचा राहतो, नाते नात्याच्या जागी राहते. नाती सांभाळण्याच्या निमित्ताने आपण जे प्रश्न टाळतो, ते टाळता येऊ नयेत अशी सोय स्वतःवरच करून घेण्याचा हा मार्ग आहे. प्रश्न आधी ठरवावेत, उत्तर मात्र आधी ठरवू नये. गेल्या वर्षीची प्रिंट काढणारा नेमके उलटे करतो.

इथे एक घोळ दूर केला पाहिजे. कारखान्यात ‘चेकलिस्ट’ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी वावरतात. एक, काम करणाऱ्याची. १९३५मध्ये अमेरिकेत बोइंगचे एक नवे बॉम्बर विमान चाचणीच्या उड्डाणात कोसळले, कारण जमिनीवर असताना विमानाचे नियंत्रक पंख जखडून ठेवणारे कुलूप काढायचे राहिले होते. त्यानंतर वैमानिकांसाठी उड्डाणापूर्वीच्या याद्या आल्या. मूळच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कुटुंबातले अमेरिकी शल्यविशारद अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्याआधी, अशा तीन थांब्यांवर ती वाचायची. जगातल्या आठ रुग्णालयांत, त्यांत दिल्लीतले एक, तिचा वापर करून पाहिला तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. आपल्या सेटरची ‘सेटअप अप्रूव्हल’ची यादी याच जातीची. ती छोटी असावी, दर वेळी तीच असावी, पाठ झाली तरी वाचावी.

दुसरी यादी ऑडिटरची. ती या जातीची नाही. ती दर वेळी तीच असेल तर तिचा उपयोग संपतो, कारण तपासले जाणारे लोक दुसऱ्या वर्षी तेवढेच सजवून ठेवतात. काम करणाऱ्याच्या यादीला विसरणे थांबवायचे असते, ऑडिटरच्या यादीला शोधायचे असते. सेटअपच्या यादीतले मुद्दे उचलून त्यांच्यापुढे ‘होते का?’ लावले की ऑडिटची चेकलिस्ट झाली, हा समज या पुस्तकाने मोडला आहे.

शोधायचे म्हणजे कसे, याचे पुस्तकातले एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. फॅब्रिकेशन शॉप. जाड प्लेटचे काम. लो हायड्रोजन जातीचा ई ७०१८ इलेक्ट्रोड. या इलेक्ट्रोडच्या लेपात ओल शिरली की वेल्डिंगमध्ये हायड्रोजन उतरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी काही तासांनी तर कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आतून तडा जातो. वरून जोड सुरेख दिसतो. म्हणून इलेक्ट्रोड निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे, बहुधा ३०० अंशांच्या आसपास, तास-दोन तास ओव्हनमध्ये भाजायचे, मग होल्डिंग ओव्हनमध्ये गरम ठेवायचे आणि वेल्डरने ते क्विव्हरमध्ये, म्हणजे हातात नेता येणाऱ्या छोट्या गरम डब्यात, घेऊन जॉबपाशी जायचे. एकीकडे ऊस आणि पाटपाणी, दुसरीकडे जून-जुलैची दमट हवा, अशा जागी हे फार जपावे लागते.

नेहमीच्या चेकलिस्टमधला प्रश्न असतो: ‘इलेक्ट्रोड बेकिंग ओव्हन उपलब्ध आहे का?’ उत्तर ‘होय’. ‘रेकॉर्ड ठेवले जाते का?’ उत्तर पुन्हा ‘होय’. दोन्ही खरी, आणि दोन्हींनी काहीच कळले नाही. पुस्तकात त्याजागी असे लिहिले आहे: आज पहिल्या पाळीत किती इलेक्ट्रोड दिले, किती परत आले, परत आलेल्यांचे काय केले, हे नोंदवहीत दाखवा. ओव्हनचा डिस्प्ले काय दाखवतो ते पाहा आणि वेगळ्या थर्मामीटरने आतले तापमान घ्या. मग वेल्डरपाशी जा आणि क्विव्हरच्या वायरीचा शेवट कुठे आहे ते पाहा.

तो शेवटचा प्रश्न शॉपवर उभे राहिल्याशिवाय सुचत नाही. आपल्याकडच्या किती वर्कशॉपमध्ये क्विव्हरचा प्लग जमिनीवर लोळत असतो, हे ज्याने पाहिले तोच ते लिहील. वेल्डरला विचारले तर तो प्रांजळपणे सांगतो, “बोर्डाला एकच सॉकेट चालतंय, त्यावर ग्राइंडर लावलाय.” म्हणजे दोष वेल्डरचा नाही, दोष एक्स्टेंशन बोर्डाचा आणि बोर्ड दुरुस्त न करणाऱ्या मेंटेनन्सचा. ‘वेल्डरला पुन्हा प्रशिक्षण दिले’ हे उत्तर लिहून ही एनसी बंद करता येणार नाही. चांगला प्रश्न पुराव्यापर्यंत नेतो आणि पुरावा कारणापर्यंत. चेकलिस्ट तयार करणाऱ्याच्या श्रमाची किंमत तिथे वसूल होते.

दुधाच्या प्लांटमध्येही हेच. ‘पाश्चरायझेशनचे तापमान ७२ अंश आहे का?’ हा प्रश्न विचारायला ऑडिटरची गरज नाही, पॅनेलवर आकडा चमकतच असतो. ७२ अंशांना १५ सेकंद हा नियम तिथला प्रत्येक जण झोपेतही सांगेल. विचारायचे ते असे: तापमान खाली गेले की दूध पुढे न जाता परत फिरवणारा फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह शेवटचा कधी फिरला, चार्टवर दाखवा. तो नीट फिरतो याची चाचणी कोणी, कशी घेतली? तो फिरला त्या वेळी लाइनमध्ये असलेल्या दुधाचे काय झाले? ज्या चार्टवर महिनोन्महिने एकही खाच नाही, तो चार्ट पाहून खूश होण्यापेक्षा थोडी शंका घ्यावी.

पुस्तकाचा मधला भाग प्रश्न कुठून गोळा करावेत याला वाहिलेला आहे. मानकाची कलमे ही त्यातली शेवटची जागा. आधी प्रोसेस फ्लो आणि कंट्रोल प्लॅन. मग गेल्या वर्षभरातल्या ग्राहकांच्या तक्रारी, रिजेक्शनची नोंदवही, लाल बिनमध्ये पडलेला माल, मागच्या ऑडिटच्या एनसी. त्यानंतर बदल: नवे मशिन, नवा सप्लायर, सुधारलेले ड्रॉइंग, नुकतीच भरती झालेली कंत्राटी मुले. बदल झालेल्या जागीच बहुतेक गडबडी होतात. आणि या सगळ्याआधी त्या प्रक्रियेत काम करणाऱ्याशी पंधरा मिनिटे बोलणे. ऑडिट म्हणून नव्हे, चहाच्या वेळी. ‘इथे नेहमी काय अडते?’ एवढे विचारले तरी चार प्रश्न हाती लागतात.

वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्यांसाठी आयएटीएफ १६९४९ या मानकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तिथे व्यवस्थेचे, उत्पादन प्रक्रियेचे आणि तयार मालाचे, अशी तीन वेगळी ऑडिट लागतात. तीन वर्षांच्या कालावधीत प्रत्येक उत्पादन प्रक्रिया तपासून व्हावी लागते, आणि ती ज्या ज्या पाळीत चालते त्या सर्व पाळ्यांत, पाळी बदलण्याच्या वेळेसह. तरीही आपली बहुतेक ऑडिट सकाळी दहा ते संध्याकाळी पाच यांच्या आतच उरकतात, कारण चेकलिस्टमध्ये वेळेचा रकानाच नसतो. नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आवर्तन सुटले की नाही हे कोणी कालव्याच्या मुखाशी उभे राहून ठरवत नाही, टेलच्या शेतात पाणी आले का ते पाहतात. कारखान्याचा टेल म्हणजे तिसरी पाळी, रविवारची पाळी आणि सणाच्या आदल्या दिवसाची पाळी. चेकलिस्टच्या डोक्यावर ‘पाळी’ आणि ‘वेळ’ असे दोन रकाने आखण्याचा आग्रह पुस्तकाने धरला आहे. सूचना साधी आहे, पण एकट्या या सूचनेने ऑडिट बदलते.

साखर कारखान्यांना हाच मुद्दा हंगामाच्या रूपाने भेटतो. ऑडिटचे वार्षिक वेळापत्रक करणाऱ्याला जुलै-ऑगस्ट मोकळे दिसतात, म्हणून ऑडिट तेव्हा लावले जाते. त्या वेळी गव्हाण बंद, मिल उघडून ठेवलेली, रोलर दुरुस्तीला, बॉयलरच्या नळ्या बदलायचे काम चालू. ऑडिटरला कागद भरपूर दिसतात आणि साखर एक कणही नाही. अशा कारखान्याला दोन चेकलिस्ट हव्यात. ऑफ सीझनची दुरुस्तीसाठी: काय उघडले, काय मोजले, काय बदलले, कोणी पास केले. आणि गळिताची प्रक्रियेसाठी, तीही हंगाम ऐन भरात असताना: ५० किलोच्या पोत्याचे वजन, वजनकाट्याची पडताळणी, चाळणी, लोहचुंबक, पोत्याची शिलाई.

नमुना निवडण्याच्या प्रकरणाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ऑडिट हे शेवटी थोडे पाहून बरेच ठरवण्याचे काम आहे, म्हणून ते थोडे कोणी निवडले याला फार महत्त्व आहे. समोर आणून ठेवलेली फाइल घेऊ नये. डिस्पॅचच्या रजिस्टरमधला एक चलन क्रमांक आपण निवडावा आणि तिथून उलटे चालत जावे: पॅकिंग, फायनल इन्स्पेक्शन, हीट ट्रीटमेंट, मशिनिंग, इनकमिंग आणि शेवटी कच्च्या मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर. साखळी जिथे तुटते तिथे थांबावे. हे आधी ठरलेले असले पाहिजे, नाहीतर ऐनवेळी हाताशी येईल तेच पाहिले जाते. वालचंदनगरच्या शॉपमधून गेलेले मोटर केसिंगचे भाग एलव्हीएम-३ रॉकेटच्या बूस्टरमध्ये लागतात. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ याच जातीच्या रॉकेटने गेले. उड्डाणानंतर त्यातला जोड पुन्हा तपासायला कोणी जाऊ शकत नाही, तेव्हा भागाची सगळी हकिगत कागदावर शेवटपर्यंत जुळावी लागते. आपण तीनचाकीचा ब्रॅकेट बनवत असू. माग काढण्याची रीत तीच.

भाषेबद्दल दोन शब्द. इथल्या बहुतेक चेकलिस्ट इंग्रजीत असतात, कारण ग्राहकाचा ऑडिटर त्या पाहणार असतो. पण उत्तर देणारा मराठीत विचार करतो, कंत्राटी मुलगा हिंदीत. इंग्रजी प्रश्न जागच्या जागी सैल मराठीत सांगितला जातो आणि त्यातली धार जाते; समोरचा “हो साहेब” म्हणून मोकळा होतो. प्रश्न ज्या भाषेत विचारायचा त्याच भाषेत लिहावा, ‘दाखवा’ने संपेल असा लिहावा आणि पुरावा लिहायला पुढे मोकळी जागा ठेवावी. मशिनचा क्रमांक, बॅच, वाचलेला आकडा. ‘होय’ला जागाच ठेवू नये. अर्ध्या दिवसाच्या ऑडिटला पंधरा-वीस प्रश्न पुरतात. शंभर प्रश्नांच्या यादीतला एकही नीट विचारला जात नाही.

या पुस्तकाशी माझे सगळे पटते असे नाही. जोखमीला गुण देण्याची पद्धत छोट्या वर्कशॉपला जड जाईल असे मला वाटते. मालक, सुपरवायझर आणि सेटर एकत्र बसून ‘सर्वांत महागात काय पडेल’ एवढे ठरवू शकले तरी पुरे. मोबाइलवरच्या ॲपवरही लेखकाचा माझ्यापेक्षा अधिक भरवसा आहे. फोटो पुरावा म्हणून उत्तम, पण ॲपमध्ये मागची यादी कॉपी करणे प्रिंट काढण्याहून सोपे असते, हे विसरू नये.

शेवटी वापराविषयी. पुस्तकाच्या मागे नमुन्याच्या याद्या दिल्या आहेत: वेल्डिंग, मशिनिंग, दूध, साखर, स्टोअर. प्रत्येकीत निम्म्या ओळी मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत. त्या ओळी भरायला तुमच्या शॉपची तक्रार वही, तुमचा कंट्रोल प्लॅन आणि तुमच्या पाळीतला माणूस लागेल. प्रत्येक ऑडिटनंतर ज्या प्रश्नांनी काहीच हाती लागले नाही ते बाजूला ठेवा, जे नवे सुचले ते लिहा. दोन-तीन फेऱ्यांत यादी तुमची होईल. छापलेल्या ओळी तेवढ्या झेरॉक्स करून कामाला लावल्या, तर पुस्तकाची किंमत वाया गेली असे समजा.